थांबण्याची खूण

धोंडीआप्पा मदन्यांनी उभ्या हयातीत मेंढरं हुडकली, बैल हुडकले, तीन चोर हुडकले आणि यात्रेत चुकलेला एक नवरदेवसुद्धा हुडकून मांडवात आणून उभा केला. मातीवरचं पाऊल बघून माणूस सांगायचा, असा त्यांचा हात. एक स्वतःची बायको तेवढी त्यांना हुडकता आली नाही. कुरणवाडीच्या पारावर अजूनही कुणीतरी खाकरून म्हणायचं, "आप्पा, साऱ्या मुलखाचा माग लागला, अन् घरातलाच कसा वो तुटला?" आप्पा हसायचे. चिलीम झाडायचे. उठून जायचे.

त्यांची एकुलती लेक वैजयंता. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. आता बावीस पुरी झाली होती, आणि ती विद्यापीठात पोलीस-अभ्यास या विषयात एम.ए. करत होती. गावाला हे काही केल्या समजत नसे.

"म्हंजे फौजदार होनार?"

"नाही. पोलीस कसं काम करतात, समाज त्यांच्याकडे कसं बघतो, त्याचा अभ्यास."

"म्हंजे पोलिसांवर पोलीस! बरं हाय की मग."

वर्गात तिच्या बाकावर हवालदार बाबर बसत. वय चव्वेचाळीस, बढतीसाठी पदवी हवी म्हणून आलेले, खिशात शेंगदाणे. पहिल्याच महिन्यात ते वैजूच्या कानाशी म्हणाले होते, "बावीस वर्षं मी लोकांना दरडावतोय, आणि आज कळलं की ह्याला 'अधिकाराचा सामाजिक वापर' म्हणतात. आधी सांगायचं नाही का!"

हसता हसता वैजूची वही शेंगदाण्याच्या फोलपटांनी भरायची. पण या विषयाकडे ती हसण्यासाठी आली नव्हती. एक ओवी तिच्या डोक्यात लहानपणापासून अर्धीच होती, आईच्या आवाजातली:

शिवेच्या धोंड्यापाशी, थांबलं गं पाऊल…

पुढची ओळ तिला आठवत नसे. ती ओळ विचारायला एक माणूस हवं होतं. हरवलेली माणसं कशी शोधतात हे जिथं शिकवतात, तिथं ती येऊन बसली होती.

*

विभागात तीन वर्षांपासून 'पदरव' नावाचा प्रयोग चालू होता. गावोगाव इंटरनेटसाठी रस्त्याकडेनं काचेच्या तंतूची केबल पुरून ठेवलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक. केसाएवढा बारीक तंतू, त्यातून प्रकाश धावतो. पण कितीही शुद्ध काच घेतली तरी तिच्यात सूक्ष्म डाग असतातच. प्रकाशाचा ठोका सोडला की त्या प्रत्येक डागावरून इवलासा प्रकाश मागं परततो. वरच्या जमिनीवर कुणी पाऊल टाकलं की माती थरथरते, तंतू अणुमात्र ताणला जातो, आणि परतणारा प्रकाश किंचित बदलतो. बदल कुठल्या मीटरवर झाला तेही कळतं. म्हणजे जी तार लोक सिनेमे बघायला वापरत होते, तीच तार मैलोन् मैल पसरलेला एक लांबच लांब कान होती. फक्त ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

सुरुवातीला यंत्राला बैलगाडी आणि बस यांतला फरक कळला. मग माणूस आणि म्हैस. मग हे माणूस आणि ते माणूस. टाच किती जोरात पडते, दोन पावलांमध्ये किती वेळ जातो, कुठला पाय किंचित ओढतो, यावरून यंत्र ओळख पटवू लागलं. पण शंभरातल्या एकसष्ट वेळाच. डोक्यावर हंडा घेतला, कडेवर पोर घेतलं, नवी चप्पल घातली, की यंत्र गोंधळायचं.

वैजूच्या प्रबंधाचा विषय होता 'गावगाड्यातली राखण आणि माग काढण्याची रीत'. तिच्या मार्गदर्शक केळुसकर मॅडम तिला म्हणाल्या, "तुझे वडील हे डोळ्यांनी करायचे ना? ते कसं ओळखायचे, हे विचार बरं. यंत्राला नाही जमत ते त्यांना कसं जमत होतं?"

वैजूची मान ताठ झाली. विद्यापीठात पहिल्यांदाच कुणी आप्पांना काही विचारत होतं.

*

आप्पा अंगणात घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसले होते. लेकीचा प्रश्न ऐकून त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"चाल काय, कुनाचीबी बदलतीया. काटा मोडला, बदलली. वझं घेतलं, बदलली. चोर तर उलट्या चपला घालून चालायचं. चालीवर भरवसा ठिवला तर फसलीस."

"मग?"

"थांबनं बघायचं. मानूस चालताना सावध असतंय, थांबताना नसतंय. कुनी दोनी पाय जुळवून थांबतंय. कुनी एक पाय फुडं टाकून. तुझा चुलता, नाना, थांबला की टाचंनं माती उकरतोय, जल्मापास्नं. आन् एखादी बाई…" आप्पांचा हात दोरावर थबकला. "एखादी बाई थांबली की डावा पाय मागं ठिवून चवड्यावर दोनदा भार देती. कडंवर पोर हाय असं समजून. पोर नसलं तरी."

वैजूनं लिहून घेतलं. ती एखादी बाई कोण, हे तिनं विचारलं नाही.

"आता फुडचं लिव्ह," आप्पा म्हणाले. "शिवंवर थांबायचं. माग आपल्या शिवंपतूर आपला. तिथं धोंडा ठिवायचा, पल्याडच्या गावाला हाळी द्यायची. कुनाचा माग, कशापायी, ते मोठ्यांदा सांगायचं. पल्याडचा हो म्हनला तर त्यो फुडं काढंल. न्हाई म्हनला तर घरला यायचं. आन् आपल्या पायानं घर सोडून गेलेल्या बाईचा माग काढायचा न्हाई. पंचांनी सांगितलं तरी न्हाई."

"हे पण लिहू?"

"हेच लिव्ह. बाकीचं कुत्र्यालाबी येतंय."

तिनं दोन्ही लिहिलं. थांबण्याच्या खुणांची चौदा पानं झाली, शिवेच्या नियमाची अकरा. केळुसकर मॅडमनी प्रबंध वाचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"वैजयंता, ही चौदा पानं सोनं आहेत. शिवेचा भागही फार गोड आहे गं, पण शब्दमर्यादा ओलांडतेय. तो लोकसाहित्यवाल्यांना देऊ आपण. काय काढायचं ते तू ठरव."

मॅडमनी नुसतं सुचवलं होतं. पानं काढली वैजूनं. संगणकावर तिनं ती अकरा पानं निवडली, एक बटण दाबलं, आणि प्रबंध मर्यादेत बसला.

थांबण्याच्या खुणा शिकवल्यावर यंत्र शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा बरोबर ठरलं. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. बाबरांनी खिशातले सगळे शेंगदाणे वाटून टाकले.

*

फाल्गुनात एका दुपारी ती कुरणवाडीच्या जुन्या नोंदी तपासत होती. तीन वर्षांची थरथर यंत्राजवळ साठवलेली होती. गावातली बहुतेक पावलं संमतीनं नावानिशी ओळखलेली. उरलेल्यांना यंत्र नुसते आकडे देई. त्यांत एक होतं 'अनोळखी सात'.

अनोळखी सात वर्षातून एकदाच येत होतं. तिन्ही वर्षं एकच दिवस, नागपंचमी. त्या दिवशी शेतात कुणी नांगर धरत नाही, मातीत फाळ घालत नाही, शिवार ओस असतं. सकाळी पावणेआठला शिवेपलीकडून पावलं यायची. शिवेच्या धोंड्यापाशी थांबायची. अकरा मिनिटं, एकदा तेरा. मग आली तशी परत जायची. त्या जागेवरून गावातला वड दिसतो, आणि नागपंचमीला वडाला पोरींचे झोके बांधलेले असतात. तिन्ही वर्षं वैजू तिथं झोक्यावर होती.

तिनं थांबण्याची खूण उघडली. डावा पाय मागं. चवड्यावर दोनदा भार.

तिनं तिन्ही वर्षांची खूण एकेक करून पुन्हा उघडली. बाबरांनी येऊन विचारलं, "काय गं, मार्क कमी पडले का?" तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं.

आई का गेली हे ती गावात ऐकतच मोठी झाली होती. अंजिरा, तिची आई, तालुक्याला बचतगटाच्या शिबिराला गेली आणि पाऊस-पाण्यामुळं एक रात्र तिकडंच राहिली. थोरले चुलते, नाना, जातीचे पंच. त्यांनी पंचायत बसवली. चारित्र्य शुद्ध असेल तर उकळत्या तेलातलं नाणं हातानं काढून दाखव, म्हणाले. अंजिरानं त्या कढईकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलं. पंचांनी आप्पांनाच हुकूम केला, माग काढ आणि आण. आप्पा गेले, दुपारी परत आले, म्हणाले, "खडकावर तुटला." मग नानांनी ठाण्यात जाऊन मिसिंगची तक्रार दाखल केली.

"आता श्रावणाला किती, पाच महिने?" बाबर म्हणाले. "ती येतेच आहे की. नागपंचमीला धोंड्यापाशी जाऊन बस."

"पाच महिने? अठरा वर्षं झाली, काका. आणि नाही आली तर?"

"बाहेरच्या गावांच्या तारा बघायच्या तर ठाण्यातली नोंद पुन्हा उघडावी लागेल. नातेवाइकाची सही लागते. आप्पांना सांगितलंस?"

"आणल्यावर सांगेन. त्यांच्यासमोर तिला उभी करेन. मग बघू पारावर कोण हसतंय."

"आणि तिला विचारलंस?"

"तिला कुठं विचारू? तिलाच तर शोधायचंय!"

 तरी फॉर्म बाबरांनीच आणून दिला. वैजूनं सही केली. नाना आता थकले होते, जातपंचायतीविरुद्ध कायदा होता, काळ बदलला होता. भिण्यासारखं काही तिला दिसेना.

*

चौथ्या दिवशी अनोळखी सात सापडलं. दीडशे किलोमीटरवर, डोंगरातल्या एका आश्रमशाळेच्या रस्त्यावर. रोज पहाटे खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोनशे दहा पावलं, मधे पाण्याच्या टाकीपाशी एक थांबा.

वैजूनं एसटी पकडली. घाट चढेस्तोवर ती मनात वाक्यं जुळवत होती. 'आई, मी वैजू.' नको. 'आई, ओळखलंस?' तेही नको. शेवटी ओवीच म्हणायची, अर्धी, आणि उरलेली आईनं पुरी करायची, असं तिनं ठरवलं.

उघडलेल्या नोंदीत माग लागला की तिच्यात ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना यंत्र एकाच वेळी कळवतं, हे तिला माहीत नव्हतं. तक्रारदार नाना होते.

ती पोचली तेव्हा अकरा वाजले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी पोरींचा घोळका उभा होता, गप्प. आत एक बाई पाठमोरी बसून पत्र्याच्या पेटीत लुगडी भरत होती. वैजू उंबऱ्यात थांबली. ओवी म्हणायची राहिलीच.

"आलीस व्हय, वैजे," बाई न वळताच म्हणाली.

"कसं… कसं ओळखलंस?"

"दारात थांबलीस न्हवं." तिनं पेटीचं झाकण लावलं आणि वळली. "माज्यासारखीच थांबतीस."

केस पांढरे, हातांवर तव्याचे डाग. वैजूला बिलगायचं होतं. पण अठरा वर्षांचं अंतर चार पावलांत कसं तोडायचं, ते दोघींनाही कळेना.

"सकाळी नाना येऊन गेलं," आई म्हणाली. "जीप घिऊन. म्हनालं, तुज्या लेकीनंच जमिनीतल्या तारंनं तुझा माग काढला. पोरी परार्थनंला हुब्या हुत्या. त्यांच्याम्होरं म्हनालं, ही बाई घर टाकून पळालीया, हिचं नाव खोटं. इथं मी लक्ष्मी हाय ना. लक्ष्मीमावशी. हेडमास्तर भला मानूस, पर कागद मागतोय. खोट्या नावाच्या बाईला पोरींच्या शाळंत कसं ठिवनार?"

"मी बोलते त्यांच्याशी. मी पोलीस-अभ्यास शिकलेय, कायद्यात आहे…"

"कायद्यात मी सुटंन गं. ह्या पोरींच्या डोळ्यांत कशी सुटू?"

"मग घरी चल. आप्पा वाट बघतात."

आई पहिल्यांदा हसली. "तुला त्येनी सांगितलं न्हाई वाटतं. मी माळावर बाभळीआड बसून बघत हुते. शिवंपतूर आले. धोंडा ठिवला. मला वाटलं, आता हाळी देतील. तर लिंबाची डहाळी तोडली आन् माझी पावलं पुसत पुसत मागं फिरलं. येवढा नावाजलेला मानूस! गावात जाऊन म्हनला, मला जमलं न्हाई. माज्यापायी जल्मभर हसू करून घेतलं. त्येनी मोडला माग, आन् तू लावलास."

ती रागानं बोलली असती तर वैजूला सोसलं असतं.

"नागपंचमीला येत होतीस तू."

"तुला झोक्यावर बघाया. दर साली झोका वर जायाचा तुझा."

"मग हाक का नाही मारलीस? एकदा तरी?"

"कुनाच्या तरी कानावर गेली असती." आईनं पेटी उचलली. "तवा मानसांच्या कानांचंच भ्या हुतं. आता नाना म्हनतंय, जमिनीलाबी कान फुटलं. मंग मी पाय कुठं ठिवू, वैजे?"

 वैजूला एवढंच सुचलं, "ती ओवी… शिवेच्या धोंड्यापाशी थांबलं गं पाऊल… पुढं काय?"

आईनं पेटी खाली ठेवली. लेकीच्या गालावरून खरखरीत तळवा फिरवला, आणि हळू, जणू कडेवरच्या पोराला, म्हणाली:

"मातीला कळली गं, माझ्या लेकीची चाहूल."

मग तिनं पोरींकडं बघून सांगितलं, "भाकरी टोपल्यात झाकून ठिवलीया. बारक्यांना आधी वाढा." आणि ती रस्त्याला लागली. एसटी आली. पायरीवर चढण्याआधी ती थांबली, डावा पाय मागं ठेवून. दोनदा भार दिला. मग चढली. चाकांवरच्या माणसाचा माग यंत्राला लागत नव्हता, आणि एसटी कुठं जाते हे वाचायला वैजूच्या डोळ्यांत पाणी फार होतं.

*

आठवड्यानं बाबरांनी तिला नोंदीची प्रत दाखवली. पोलिसांच्या ठरलेल्या शब्दांत शेरा होता: 'सदर महिला मिळून आली. प्रकरण बंद.'

चैत्रात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उभं राहून अभिनंदन केलं. थांबण्याच्या खुणेला आता 'मदने निकष' म्हणायचं ठरलं होतं आणि आणखी पाच जिल्ह्यांत यंत्र लागणार होतं. वैजू पहिल्या वर्गात पास झाली. बाहेर आल्यावर ती मॅडमना म्हणाली, "ती अकरा पानं परत जोडायचीत मला."

मॅडमना सगळं कळलं होतं.  "जोड. मी सही करते. मीच तेव्हा थांबवायला हवं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण यंत्रानं जे घ्यायचं ते घेतलंय गं. ते आता परत वाचायला येणार नाही."

वैजूनं ती पानं नव्यानं लिहिली. ग्रंथालयातल्या प्रतीला ती मागं चिकटवलेली आहेत. कुणी उघडून बघितल्याचं काही दिसत नाही.

आप्पांना तिनं घरी आली त्याच दिवशी सांगितलं होतं. ते दोर वळत राहिले. दोर संपला तसा उकलला आणि पुन्हा वळायला घेतला. एवढंच विचारलं, "बारीक झालीया?"

"हो."

"व्हनारच."

*

नागपंचमीला वडाला झोके बांधले. पोरी फेर धरत होत्या. लहानपणापासून वैजूला ठाऊक होतं, या दिवशी आप्पा सकाळीच शिवेकडं जातात, लिंबाची डहाळी तोडतात, आणि उन्हं चढल्यावर हात झटकत परत येतात. काही नवस असेल, असं ती समजायची. या वर्षी ती झोक्याकडं गेली नाही. न विचारता त्यांच्या मागं चालू लागली.

शिवेच्या धोंड्याशेजारी आणखी एक धोंडा होता, लहान, शेवाळलेला. आप्पा त्याच्याजवळ दोन्ही पाय जुळवून थांबले, मग खाली बसले. आदल्या दिवशीच्या भुरभुरीनं माती ओलसर होती. त्या मातीवर चिमणीचंसुद्धा पाऊल उठलं असतं.

"तुम्ही बघत होता तिला?"

"न्हाई. मी ती गेल्याव येत हुतो. पावलं बघायचो. गेल्या साली उजव्या टाचंला भेग पडल्याली. खोबरेल लाव म्हनावं वाटलं." आप्पांनी ओल्या मातीवर तळवा टेकला. "मग पुसायचो. नानाच्या नदरंला पडाया नकू."

पावणेआठ वाजले. साडेआठ. गावातून गाण्याचा आवाज येत होता, वाऱ्याबरोबर जवळ येई, दूर जाई. झोका वर गेला की लुगड्याचा पदर दिसायचा. समोरची वाट बाभळींपर्यंत कोरी पडली होती. नऊ वाजले. वैजू त्या वळणावरून डोळे काढेना. पाच महिने थांबायचं होतं, फक्त पाच. आणि आज ती इथं याच धोंड्यापाशी बसली असती, आणि त्या बाभळींतून…

उन्हं डोक्यावर आली तसे आप्पा उठले. लिंबाखाली गेले, डहाळी तोडली, आणि बाभळींच्या वळणापासून धोंड्यापर्यंत वाट झाडू लागले. हळू, डावी-उजवी, दर साली झाडत असतील तशी.

"आप्पा," वैजू म्हणाली. "कशाला? कुणी आलंच नाही. पुसायला काय आहे तिथं?"

आप्पा वाकलेलेच होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"आली न्हाई, ह्येबी कुनाला कळाया नगं."

वैजूनं पदर खोचला. तिनं दुसरी डहाळी तोडली आणि पलीकडच्या बाजूनं वाट झाडायला घेतली. पायांखाली हातभर खोल काचेचा तंतू जागा होता. बाप-लेक इथं किती वेळ थांबले, कसे थांबले, हे त्यानं केव्हाच नोंदवून घेतलं होतं. ते तिला कुठल्याही डहाळीनं पुसता येणार नव्हतं. तरीही दोघं धोंड्यापर्यंत झाडत आली.